स्पॅनिश भाषाशास्त्राचे उच्च अध्ययन आणि छत्रीबागेतील मराठी

आमच्या एका माजी विद्यार्थिनीने मध्यंतरी घरी येऊन शिफारसपत्र मागितले. स्पॅनिश भाषेची पदवी तिने घेतली होती आणि आता त्याच भाषेच्या भाषाशास्त्राचे पदव्युत्तर अध्ययन करावे, असा तिचा मानस होता. सोबत तिचे वडील होते. पत्र लिहून झाल्यावर त्यांनी काहीशा संकोचाने विचारले, “सर, स्पॅनिश येत असली तर नोकरी मिळते, हे समजते. पण त्या भाषेचे व्याकरण उगाळीत आणखी चारपाच वर्षे घालवायची, ती कशासाठी? आणि आपल्या मराठीला त्याचा काय उपयोग?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी तेथल्या तेथे दिले. दुसऱ्यासाठी मात्र मला पुष्कळ वाचावे लागले. त्या वाचनातून जे हाती लागले ते शिक्षक बंधुभगिनींपुढे व अकादमीच्या सभासदांपुढे ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम या अध्ययनाचे स्वरूप पाहू. एखादी भाषा शिकणे आणि त्या भाषेचे शास्त्र शिकणे या दोन भिन्न गोष्टी होत. भाषा शिकणाऱ्याला ती अस्खलित बोलता-लिहिता यावी, एवढी अपेक्षा असते. शास्त्राचा विद्यार्थी मात्र ती भाषा येतेच असे गृहीत धरून पुढे निघतो. तिचे ध्वनी कोणते व ते कसे बदलतात, शब्द कसे घडतात, वाक्याची बांधणी कोणत्या नियमाने होते, लॅटिनपासून ती आजच्या रूपाला कशी पोहोचली, देशोदेशी तिच्या बोली कशा भिन्न झाल्या, मूल ती कशी शिकते आणि दुसऱ्या भाषेच्या शेजारात तिचे काय होते, हे त्याच्या अभ्यासाचे विषय असतात. आपल्याकडे दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ येथे स्पॅनिशचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. निव्वळ भाषाशास्त्रासाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज हे १९३९ पासून चालत आलेले पदव्युत्तर अध्ययनाचे केंद्र आहे. अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांत स्पॅनिश भाषाशास्त्र ही स्वतंत्र शाखाच असते. तेथे एम. ए.ला साधारणतः दोन वर्षे लागतात आणि पीएच. डी.ला त्याहून पुष्कळ अधिक. बहुतेक विद्यार्थी त्या काळात खालच्या वर्गांना स्पॅनिश शिकवून आपला खर्च भागवितात. म्हणजे शिकणे आणि शिकविणे ही दोन्ही तेथे एकाच वेळी चालतात.

ही शाखा एवढी विस्तारली याचे एक कारण त्या भाषेच्या आकारात आहे. स्पॅनिश ही वीस स्वतंत्र देशांची राजभाषा असून तिचे मातृभाषिक पन्नास कोटींच्या आसपास आहेत. परंतु केवळ संख्येने शास्त्र वाढत नाही. स्पॅनिश भाषेला आपल्याविषयी विचार करण्याची सवय फार जुनी आहे. १४९२ साली आंतोनियो दे नेब्रिहा याने कास्तिलियन भाषेचे, म्हणजे ज्या बोलीला आपण आज स्पॅनिश म्हणतो तिचे, व्याकरण सालामांका येथे प्रसिद्ध केले. युरोपातील एका चालू लोकभाषेचे ते पहिले छापील व्याकरण होय. लॅटिनसारखी प्रतिष्ठित भाषा समोर असताना बाजारात बोलल्या जाणाऱ्या भाषेला नियम आहेत, असे म्हणण्यास त्या काळी धैर्य लागत होते. स्पॅनिश भाषेची राजमान्य अकादमी १७१३ मध्ये स्थापन झाली. पुढे दक्षिण अमेरिका स्पेनच्या सत्तेतून मुक्त झाल्यावर काराकास येथे जन्मलेल्या व चिली देशात स्थायिक झालेल्या आंद्रेस बेल्यो या पंडिताने १८४७ मध्ये खास अमेरिकेतील स्पॅनिश भाषिकांसाठी व्याकरण लिहिले. लॅटिन व्याकरणाचे साचे स्पॅनिशवर लादू नयेत आणि भाषेचे नियम त्या भाषेतच शोधावेत, हा त्याचा आग्रह होता.

बेल्योचा हा आग्रह मराठीच्या शिक्षकाला परका वाटण्याचे कारण नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ चे, म्हणजे बेल्योच्या ग्रंथापेक्षा अकरा वर्षांनी जुने. दादोबांपुढे लॅटिनच्या जागी संस्कृत व इंग्रजी या दोन भाषांचे साचे होते. त्या साच्यांची कसून तपासणी करणारा ग्रंथ पुढे १९११ मध्ये आला, तो म्हणजे मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा होय. केशवसुतांचे हे बंधू आमच्या इंदूरपासून जवळच असलेल्या उज्जैनच्या माधव कॉलेजात प्राध्यापक होते, ही गोष्ट माळव्यातील मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे. मराठीच्या शास्त्राचा विचार पुण्या-मुंबईबाहेर, हिंदी भाषिक मुलखात बसूनही झालेला आहे, याचा हा पुरावा होय.

स्पॅनिशचा व आपल्या मुलखाचा संबंध याहूनही एका जवळच्या वाटेने येतो. ती वाट गोव्याची आहे. स्पॅनिश व पोर्तुगीज या लॅटिनच्या दोन कन्या, एकाच द्वीपकल्पात वाढलेल्या. त्यांपैकी धाकटीचा संसार साडेचारशे वर्षे आपल्या किनाऱ्यावर होता. १६१६ मध्ये मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले. त्यांच्या मृत्यूनंतर ते १६४० साली रायतूर येथे छापले गेले आणि भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण म्हणून ते ओळखले जाते. नेब्रिहाने आपल्या लोकभाषेचे व्याकरण छापले, त्यानंतर दीडशे वर्षांच्या आत आमच्या पश्चिम किनाऱ्यावरील लोकभाषेचे व्याकरण छापून निघाले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे बारदेशातील आसगाव येथे १८५५ मध्ये जन्मलेले मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी आशियातील भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश सिद्ध केला. तो १९१३ साली कोइंब्रा येथे प्रसिद्ध झाला आणि त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने काढले.

या अध्ययनाची पद्धती कशी चालते, याचा मासला म्हणून दाल्गादोंच्या विषयातील दोन शब्द घेऊ. आपण रोज ‘चावी’ म्हणतो. लॅटिनमधील मूळ शब्द ‘क्लावेम’. लॅटिन शब्दाच्या आरंभी ‘क्ल’, ‘प्ल’, ‘फ्ल’ असे जोडध्वनी असले, तर अनेक शब्दांत स्पॅनिशमध्ये त्यांचा ‘ल्य’ होतो आणि पोर्तुगीजमध्ये ‘च’. पावसाला लॅटिनमध्ये ‘प्लूविया’ म्हणत. त्याचा स्पॅनिशमध्ये ‘ल्यूविया’ झाला व पोर्तुगीजमध्ये ‘चूवा’. त्याच नियमाने ‘क्लावेम’चे स्पॅनिश रूप ‘ल्यावे’ व पोर्तुगीज रूप ‘चावे’. तेव्हा आमची ‘चावी’ कोणत्या घरून आली, याचा निकाल पहिल्या अक्षरानेच लागतो. यापुढचा भाग अधिक मनोरंजक आहे. आज लिस्बनमध्ये या शब्दाचा उच्चार ‘श’काराने करतात, तेथील जुना ‘च’ काळाच्या ओघात ‘श’ झाला. आमच्या ‘चावी’ने मात्र तो जुना उच्चार जपून ठेवला आहे. ‘पाव’ या शब्दाचीही गोष्ट अशीच आहे. लॅटिन ‘पानेम’मधील ‘न’ स्पॅनिशने ‘पान’ या रूपात राखला, पोर्तुगीजने तो स्वरात विरवून केवळ अनुनासिक ठेवला आणि आमच्या ‘पाव’मध्ये ‘न’ मुळीच नाही. शब्द आला कोठून व साधारण कोणत्या काळी, हे तर्काने कसे सिद्ध करावे, याची ही दोन सोपी उदाहरणे वर्गात सहज सांगता येतील. ‘पगार’, ‘बटाटा’, ‘घमेले’, ‘लिलाव’, ‘काडतूस’ हे शब्द त्याच गलबतांतून उतरले. त्यांतील ‘बटाटा’ मुळात वेस्ट इंडीज बेटांतील आदिवासींचा शब्द. त्यांच्या भाषेत तो रताळ्याचे नाव होता. तेथून तो स्पॅनिशमध्ये, मग पोर्तुगीजमध्ये आणि शेवटी आमच्या स्वयंपाकघरात आला. इंदूरच्या मराठी घरात आजही भाजी बटाट्याचीच होते. पिशवी घेऊन बाहेर पडलेला मुलगा मात्र भाजीवाल्याकडे ‘आलू’ मागतो.

शब्दांची देवघेव मनोरंजक खरी, पण ती वरवरची. वाक्याच्या बांधणीकडे वळले म्हणजे स्पॅनिश व मराठी यांच्यात, कसलाही ऐतिहासिक संपर्क नसताना, विलक्षण साम्य दिसू लागते. स्पॅनिशमध्ये ‘वेओ ला कासा’ म्हणजे ‘मी घर पाहतो’. परंतु ‘वेओ आ मारिया’ म्हणजे ‘मी मारियाला पाहतो’. घर या अचेतन कर्माला कोणतेही चिन्ह लागत नाही. मारिया या व्यक्तीपूर्वी मात्र ‘आ’ हे अव्यय यावेच लागते. आपल्याकडे ‘घर’ तसेच राहते आणि ‘मारिया’ला ‘ला’ लागतो. याहून सूक्ष्म भेद पाहा. ‘बुस्को उन मेदिको’ म्हणजे मी कोणीतरी वैद्य शोधतो आहे, कोणीही चालेल; ‘बुस्को आ उन मेदिको’ म्हणजे एक विशिष्ट वैद्य माझ्या मनात आहे व त्याचा मी शोध घेतो आहे. आता ‘मी नोकर शोधतो आहे’ आणि ‘मी नोकराला शोधतो आहे’ ही दोन मराठी वाक्ये शेजारी ठेवावीत. पहिल्यातला मालक जाहिरात देईल, दुसऱ्यातला हाका मारीत घरभर फिरेल. इंग्रजीत हा भेद केवळ कर्माच्या चिन्हाने दाखविता येत नाही. म्हणून इंग्रजी व्याकरणाच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला मराठीतील हा ‘ला’ कधी लागतो व कधी लागत नाही, ही एक अव्यवस्था वाटते. स्पॅनिशच्या शेजारी ठेवताच त्या अव्यवस्थेत व्यवस्था दिसते. रोमान्स भाषांचे जर्मन अभ्यासक गेओर्ग बोसाँग यांनी १९८० नंतरच्या दशकात या प्रकाराला स्वतंत्र पारिभाषिक नाव दिले आणि तो जगातील कितीतरी भाषांत आढळतो, हे त्यानंतर स्पष्ट होत गेले.

हे साम्य संपूर्ण आहे, असे मात्र कोणी समजू नये. स्पॅनिशमध्ये व्यक्तिनामापूर्वी ‘आ’ टाळता येत नाही. मराठीत ‘मी राम पाहिला’ असेही म्हणता येते. शिवाय मराठीत ‘ला’ लागताच प्रयोग बदलतो. ‘आम्ही मुलगी पाहिली’ हा कर्मणी प्रयोग आणि ‘आम्ही मुलीला पाहिले’ हा भावे. पहिल्या वाक्यात लग्न जमविण्याचा सूर सहज येतो, दुसऱ्यात तो नाही, हे प्रत्येक मराठी माणसाला न शिकविता कळते. क्रियापदाच्या रूपातील हा पालट स्पॅनिशला ठाऊक नाही. तौलनिक अभ्यासाचा लाभ साम्याइतकाच भेदातही असतो. तसेच ‘मे गुस्ता एल मांगो’ या वाक्याचे. त्याची बांधणी ‘मला आंबा आवडतो’ या वाक्याशी पदोपदी जुळते. आंब्याचे अनेकवचन केले की स्पॅनिश क्रियापदही ‘आवडतात’प्रमाणे अनेकवचनी होते. इंग्रजी मातृभाषेच्या विद्यार्थ्याला हे वाक्य पचविण्यास बरेच दिवस लागतात. मराठी मुलाला ते एका तासात समजावे, कारण ते त्याच्या आईच्या बोलण्यात आहे. मराठी घरातून स्पॅनिश भाषाशास्त्राकडे जाणारा विद्यार्थी रिकाम्या हाताने जात नाही, तो असा. अशोक केळकर यांनी १९५८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात पीएच. डी.साठी जो प्रबंध सादर केला, तो मराठीच्याच वर्णरचनेवर व रूपरचनेवर होता, याचे येथे स्मरण होते.

आतापर्यंतचे विवेचन पंडितांच्या उपयोगाचे आहे, असे कोणी म्हणेल. छत्रीबागेसारख्या वस्तीत मराठी शिकविणाऱ्या शिक्षकाला याचा उपयोग काय, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते स्पॅनिश भाषाशास्त्राने आपल्याला देण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट येथून पुढे आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात. त्यांच्या मुलांचे शिक्षण इंग्रजीत होते, खेळ इंग्रजीत होतो, मित्र इंग्रजीत भेटतात. घरची स्पॅनिश त्यांना समजते, बोलताही येते. पण ती मेक्सिकोत वाढलेल्या मुलासारखी नसते. ही मुले महाविद्यालयात स्पॅनिशच्या वर्गात येऊन बसली, तेव्हा शिक्षकांची मोठी अडचण झाली. त्यांना परभाषिक म्हणावे तर ती आजीशी स्पॅनिशमध्ये बोलत मोठी झालेली. स्वभाषिक म्हणावे तर त्यांच्या लेखनावर पानोपानी खुणा कराव्या लागतात. ग्वादालुपे वाल्देस या विदुषींनी अशा विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विचार झाला पाहिजे, असे आग्रहाने मांडले. घरातून वारशाने आलेली भाषा ज्यांना बोलता येते किंवा निदान समजते आणि जे थोड्याफार प्रमाणात द्विभाषिक आहेत, असा एक वर्गच त्यांनी शिक्षणशास्त्राच्या नकाशावर आणला. आना सेलिया झेंतेला यांनी न्यूयॉर्कमधील पोर्तो रिको बेटातून आलेल्या कुटुंबांच्या एका गल्लीतील मुलांचे बोलणे दीर्घकाळ ऐकले आणि १९९७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. एकाच वाक्यात दोन भाषा आणणारी ही मुले गोंधळलेली नसून, कोणाशी कोणती भाषा केव्हा बोलावी याचे त्यांना बारकाईने भान असते, हे त्यांनी दाखवून दिले.

पुढे सिल्विना मोंत्रुल यांनी अशा मुलांच्या वाक्यरचनेचा अभ्यास केला. ज्या ‘आ’ची चर्चा आपण वर केली, तो अमेरिकेत वाढलेल्या या मुलांच्या बोलण्यातून अनेकदा गळतो, असे त्यांना आढळले. इंग्रजीत असे चिन्हच नसल्याने हे समजण्यासारखे आहे. येथे न थांबता त्यांनी राकेश भट्ट व अन्य सहकाऱ्यांसह अमेरिकेत वाढलेल्या हिंदी भाषिक मुलांकडे मोर्चा वळविला. हिंदीतील ‘को’ व ‘ने’ या मुलांच्या बोलण्यात कितपत टिकतात, याची त्यांनी पाहणी केली आणि तेथेही तशीच झीज आढळली. स्पॅनिश, हिंदी व रुमानियन या तीन भाषांची ही तुलना २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. स्पॅनिशच्या अभ्यासातून निघालेली वाट हिंदीपर्यंत आली आहे. ती मराठीपर्यंत आणणे हे आता मराठी माणसाचे काम आहे.

या वाटेने इंदूरला येऊ. होळकरांच्या छत्र्यांवरून नाव पडलेल्या आमच्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी घरे आहेत. त्या घरांतील मुलगा आईशी मराठी बोलतो, गल्लीत हिंदी बोलतो आणि शाळेत इंग्रजी वाचतो. तो जेव्हा “माझी पुस्तक कुठे आहे?” असे विचारतो, तेव्हा आपण त्याला धडाधड दुरुस्त करतो. प्रस्तुत लेखकानेही या शब्दांखाली अनेक वर्षे तांबडी रेघ मारली आहे आणि शेजारी ‘अशुद्ध’ असे लिहिले आहे. ती रेघ मारताना हे रूप आले कोठून, असा प्रश्न मनात कधी उठला नाही. हिंदीत ‘पुस्तक’ स्त्रीलिंगी आहे. त्याहून मोठे कारण असे की हिंदीत नपुंसकलिंगच नाही. ज्या भाषेत मुलाचा दिवस जातो, तिला दोनच लिंगे पुरतात. तेव्हा घरच्या भाषेतील तिसऱ्या लिंगाचा आधार सुटू लागतो. लॅटिनमध्येही तीन लिंगे होती. तिच्यापासून स्पॅनिश घडताना नामांतील नपुंसकलिंग नाहीसे झाले. त्यातील बरेचसे शब्द पुल्लिंगात गेले, काही स्त्रीलिंगात. ‘फोलिया’ हे लॅटिनमधील नपुंसकलिंगी अनेकवचन, अर्थ ‘पाने’. त्याचेच स्पॅनिशमध्ये ‘ओखा’ हे स्त्रीलिंगी एकवचन झाले, अर्थ ‘पान’. ज्या स्थित्यंतराला युरोपात काही शतके लागली, त्याच जातीचे स्थित्यंतर आमच्या मुलाच्या जिभेवर घडू पाहत आहे. त्याला निष्काळजीपणा म्हणणे हे निदान अर्धवट निदान होय.

‘मीने वाचलं’ हे रूपही असेच तपासून पाहावे. मराठीत ‘रामाने वाचले’ म्हणतो, पण ‘मी’ला ‘ने’ लावीत नाही. हिंदीत मात्र ‘मैंने’ आहे. मुलाने शेजारचा नियम घरात आणला, तो असा. ‘शाळा’चे ‘शाला’ होते, कारण प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. ‘चांगला’ व ‘चिमणी’ या दोन शब्दांतील भिन्न ‘च’ एकसारखे होतात, कारण हिंदीला एकच ‘च’ माहीत आहे. याउलट जेथे हिंदीचा आधार आहे, तेथे मराठीचे रूप सहसा डळमळत नाही. ‘रामाला पाहिले’मधील ‘ला’ आमची मुले क्वचितच गाळतात, कारण हिंदीचा ‘को’ त्याच्या पाठीशी उभा आहे. न्यूयॉर्कमधील स्पॅनिश मुलगा जे चिन्ह हरवितो, ते इंदूरचा मराठी मुलगा राखतो. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद प्रमाण हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही, परंतु इंदूरच्या बोलण्यातील हिंदीत ‘अपन’ सर्रास ऐकू येते आणि त्यामुळे हा भेदही आमच्या मुलांना जड जात नाही, असा माझा अनुभव आहे. यावरून एक अनुमान निघते. शेजारच्या भाषेत ज्याला जोड आहे ते टिकते आणि ज्याला जोड नाही ते आधी झिजते. हे अनुमान सर्वत्र खरे ठरेलच असे नाही. वर्गात बसून ते पडताळून पाहता येईल, एवढेच मी म्हणतो.

स्पॅनिशच्या अभ्यासकांत येथे एक मोठा वाद झाला आणि तो शिक्षकाने अवश्य समजून घ्यावा. अशा मुलांची भाषा ‘अपूर्ण’ राहिली, असे आरंभी म्हटले जाई. रिकार्दो ओतेगी यांच्यासारख्या अभ्यासकांनी या शब्दालाच हरकत घेतली. मुलाने जे ऐकले तेच तो शिकला. ज्या आईबापांकडून तो शिकला, त्यांचे स्वतःचे बोलणेही परदेशातील वास्तव्याने पालटलेले असते. जे त्याच्या कानावर कधी पडलेच नाही, ते तो विसरला असे कसे म्हणावे? भाषा अपूर्ण नाही, ती निराळी आहे, असे या पक्षाचे म्हणणे. वादाचा निकाल पंडित लावतील. आपल्यापुरता बोध असा की, ‘माझी पुस्तक’ म्हणणाऱ्या मुलाला दोष देण्यापूर्वी त्याच्या घरात, आणि आपल्या स्वतःच्याही घरात, कोणती मराठी बोलली जाते, हे कान देऊन ऐकावे. ऐकल्यावर माझ्या हातातील तांबडी लेखणी काहीशी मंदावली, हे मी प्रांजळपणे कबूल करतो.

याचा अर्थ सारे चालेल, असा कोणी करू नये. प्रमाण मराठी आली पाहिजे. तिच्याशिवाय मराठी ग्रंथांचे दार उघडत नाही. परंतु ती मुलाच्या बोलण्याची निंदा करून शिकविता येत नाही, असा अमेरिकेतील स्पॅनिशच्या शिक्षकांचा अनुभव आहे. घरच्या भाषेला शाळेत ‘चुकीची’ म्हटले की मूल ती सुधारण्याऐवजी बोलणेच सोडते, आणि मग इंग्रजीचा मार्ग मोकळाच असतो. तेथे बहुतेक कुटुंबांत तिसऱ्या पिढीपर्यंत घरातील स्पॅनिश मागे पडते. पन्नास कोटींची भाषा, शेजारी मेक्सिकोसारखा विशाल देश, वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी, सारे असूनही नातवंडांच्या तोंडी ती टिकत नाही. संख्येचे बळ घराच्या उंबरठ्याबाहेर राहते, हे या उदाहरणावरून दिसते. महाराष्ट्रात कोट्यवधी लोक मराठी बोलतात, तेव्हा इंदूरच्या मराठीला धोका नाही, असे समाधान मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मग शिक्षकाने काय करावे? माझ्या अल्पमतीला सुचलेल्या तीन गोष्टी सांगतो. पहिली ही की, प्रत्येक मराठी शिक्षकाने एक वही ठेवावी. मुलाच्या बोलण्यात वा लेखनात जे वेगळे रूप आढळेल ते तारखेसह जसेच्या तसे टिपून त्यापुढे त्याच अर्थाचे हिंदी वाक्य लिहावे. मुलाचे नाव लिहू नये. घरी कोण कोणती भाषा बोलते, एवढे मात्र नोंदवावे. चारपाच शाळांतून अशा वह्या दोन-तीन वर्षे चालल्या, तर माळव्यातील मराठीच्या अभ्यासाला पक्का पाया मिळेल. दुसरी ही की, व्याकरणाच्या तासाला दुरुस्ती करताना दोन्ही रूपे फळ्यावर लिहावीत आणि ‘हिंदीत असे, मराठीत असे’ हे मुलाकडूनच काढून घ्यावे. दोन भाषांची तुलना करण्याची शक्ती त्याच्यापाशी आहेच. एकभाषिक मुलाला ती नसते. तिसरी ही की, घरी मोठ्याने वाचन व्हावे. बोलण्यातून जी रूपे कानावर पडत नाहीत, ती ग्रंथांतूनच पडू शकतात, आणि नपुंसकलिंगी नामांची संगत कानात बसविण्यास आजीने वाचलेल्या गोष्टीसारखा दुसरा उपाय मला माहीत नाही.

ज्या विद्यार्थ्यांना या अध्ययनाकडे वळावेसे वाटते, त्यांनाही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. स्पॅनिश चांगली आलीच पाहिजे. परंतु लॅटिनची ओळख, ध्वनींचे शास्त्रशुद्ध लेखन आणि आपल्या मातृभाषेच्या व्याकरणाचे स्वच्छ ज्ञान, ही सामग्रीही तितकीच उपयोगी पडते. दामल्यांचा ग्रंथ वाचून गेलेला विद्यार्थी स्पॅनिश वाक्यविचाराच्या वर्गात मागे पडणार नाही. प्रबंधाचा विषय निवडताना मराठी व स्पॅनिश यांची तुलना, किंवा महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलांची भाषा, असा विषय डोळ्यांपुढे ठेवावा. इंदूर, बडोदे, तंजावर, ग्वाल्हेर येथील मराठी घरे हे अशा अभ्यासाचे मोठे क्षेत्र आहे.

आमच्या त्या विद्यार्थिनीच्या वडिलांना मी हे सारे एवढ्या विस्ताराने सांगू शकलो नाही. जाताना त्यांना इतकेच म्हणालो की, मुलगी दूरच्या भाषेचे शास्त्र शिकून परत येईल, तेव्हा तिला आपल्या घरातील बोलणे आज आपल्याला ऐकू येते त्याहून अधिक नीट ऐकू येईल. ते हसले आणि उठता उठता लेकीला म्हणाले, “चल, तुझी पुस्तक विसरू नकोस.” मी काही बोललो नाही. ते गेल्यावर वही उघडली, तारीख घातली आणि ते वाक्य जसेच्या तसे उतरून ठेवले.